खाऊच्या पैशांची बखर

इतिहासकारांचा एक मोठा दोष असा, की त्यांना खजिना दिसतो, खिसा दिसत नाही. कोणत्या मोहिमेवर किती कर्ज झाले, कोणत्या सरदाराकडे किती बाकी थकली, हे सगळे कागदोपत्री सापडते. पण त्याच सरदाराच्या अकरा वर्षांच्या पोराला जत्रेला जाताना आईने पदराआडून किती कवड्या दिल्या, आणि त्याने त्यांचे बत्तासे घेतले की भिंगरी, याची नोंद एकाही दप्तरात नाही. (दप्तर म्हणजे मोडी कागदांचे. शाळेच्या दप्तरात ती सापडण्याची शक्यता जास्त.)

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. मी बी. कॉम. आहे आणि गेली एकवीस वर्षे एका बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला एका लांबलचक, भारदस्त नावाने संबोधतात. नाव वाढले, काम तेच आहे. पण माझे म्हणणे असे, की पैशाचा इतिहास दोन टोकांनी लिहिता येतो. एक रिझर्व्ह बँकेच्या टोकाने आणि दुसरा चिल्लर मोजणाऱ्याच्या टोकाने. पहिले टोक मी फक्त परिपत्रकांतून पाहिले आहे. दुसऱ्या टोकाला माझी बोटे काळी झालेली आहेत. तेव्हा या विषयावर लिहायचा अधिकार मला नाही, असे कोणी म्हणू नये.

आता मुळापासून सुरुवात करू. आपल्या भाषेत बारक्या पैशांची नावे किती आहेत बघा. कवडी, दमडी, पै, पैसा, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली. मोठ्या रकमांना लाख आणि कोटी एवढ्यावर भागते. यावरून मराठी माणसाचा व्यवहार कोणत्या बाजूला जास्त चालत आला, हे सूज्ञांस सांगणे नलगे. तीन पैंचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. ज्या काळी कारकून कागदावर एकशे ब्याण्णवांचा हिशेब बसवत होते, त्या काळच्या कारकुनांना माझा साष्टांग नमस्कार. आमच्याकडे शंभरांचा हिशेब यंत्र करते आणि तरीही संध्याकाळी काही ना काही जुळत नाही.

खाऊचे पैसे कायद्यात कुठे बसतात, हा प्रश्न मला कॉलेजात पडला होता. व्यापारी कायद्याचा पेपर आम्हाला होता. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान बालक करार करायला अपात्र, आणि १८७५ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी होईपर्यंत माणूस अज्ञान. (लग्नानंतरच्या अज्ञानाबद्दल कायदा गप्प आहे.) मग येतो तो प्रत्येक वाणिज्य पदवीधराच्या छातीत धडकी भरवणारा खटला : मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष. कलकत्त्याच्या या धर्मोदासाने अज्ञान असताना वीस हजारांच्या कर्जासाठी घर गहाण टाकले. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, आणि सावकार बसला हात चोळत. याचा घरगुती अर्थ असा, की ‘पप्पा, पुढच्या महिन्यातले पन्नास आत्ताच द्या की,’ अशी उचल जो बाप देतो, त्याला ती वसूल करायला जगातले कोणतेही न्यायालय मदत करणार नाही.

त्याच कायद्यात ६८ वे कलम आहे. अज्ञानाला त्याच्या परिस्थितीला साजेशा गरजेच्या वस्तू पुरवल्या, तर त्याचे पैसे त्याच्या मालमत्तेतून मिळू शकतात. आता गरजेची वस्तू कोणती? १९०८ साली इंग्लंडात एका शिंप्याने केंब्रिजच्या एका अज्ञान विद्यार्थ्यावर बिलाच्या वसुलीसाठी दावा लावला. कपड्यांत नक्षीदार वेस्टकोट होते ११. कोर्ट म्हणाले, पोराकडे कपडे आधीच पुरेसे होते, तेव्हा ही गरज नव्हे. शिंपी हरला. आमच्या वर्गात तेव्हा एकाने उठून विचारले होते, ‘सर, मग भेळ ही गरज धरायची काय?’ सरांनी त्याला बाहेर काढले. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मित्रांबरोबर फिरायला गेलेल्या बारा वर्षांच्या मुलाला भेळ ही गरज असते. एकट्याला नसते. हा बारकावा अजून कोणत्याही निकालपत्रात आलेला नाही.

खाऊचे पैसे मिळाले नाहीत म्हणजे काय होते, याचा सर्वांत प्रामाणिक दाखला गांधीजींनी लिहून ठेवला आहे. ‘नवजीवन’मध्ये १९२५ पासून त्यांची आत्मकथा क्रमाने येऊ लागली, तीत हा भाग आहे. विडी ओढायची हौस, हातात पैसा नाही, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मोहनदासाने नोकराच्या खिशातले पैसे उचलले. पुढे पंधराव्या वर्षी भावाचे २५ रुपयांचे कर्ज फेडायला सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला, आणि मग वडिलांना चिठ्ठी लिहून सगळे कबूल केले. वडिलांनी ती वाचली, रडले आणि फाडून टाकली. चिठ्ठी फाडणे हे हिशेब तपासणीच्या दृष्टीने गैर आहे. पण त्या एका फाडलेल्या चिठ्ठीतून जे निघाले, ते आमच्या जपून ठेवलेल्या शेकडो व्हाउचरांतून निघालेले नाही. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. दिवाणांच्या मुलाकडे पैसा नव्हता आणि नोकराच्या खिशात होता.

मुलांनी मुलांबरोबर बाहेर जायचे तर जायला ठिकाण हवे, आणि तिथे तिकीट हवे. जत्रा फुकट होती. तिकिटाचा खरा प्रश्न सिनेमाने आणला. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली, तेव्हा दर होता एक रुपया. आठवडाभराने खेळ नॉव्हेल्टी थिएटरात आले आणि खालचा दर चार आण्यांवर उतरला. ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेला गर्दी होईना, तेव्हा दादासाहेबांनी जाहिरातीत लांबीच सांगून टाकली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांब चित्र, आणि सगळे अवघ्या तीन आण्यांत! गिऱ्हाइकाला वारावर कापड विकावे तसा हा प्रकार झाला. पण तीन आणे म्हणजे बारा पैसे. रविवारी एक पैसा मिळणाऱ्या पोराने तोंडाला कुलूप लावून बारा आठवडे काढावेत, तेव्हा कुठे ते दोन मैल त्याच्या वाट्याला येणार. हरिश्चंद्राने याहून फार वेगळे काय भोगले?

आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० साली तयार झाली आणि १९२९ साली ‘प्रभात’ कंपनी निघाली. म्हणजे सिनेमा गावातच बनायचा. पण माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, लहानपणी तो पैसे देऊन पाहिल्याचा पुरावा नाही. आबांचे अकरावे वर्ष १९३६ मध्ये पडते. त्यांना खाऊचा पैसा वर्षातून एकदाच मिळे, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला. डोंगरापर्यंत पोरांचा घोळका चालत जायचा. प्रत्येकाच्या करगोट्याला किंवा टोपीच्या घडीत एक तांब्याचा पैसा. ‘मोडायचा न्हाई म्हणून ठरवून जायचो,’ असे आबा सांगत, ‘आणि डोंगराच्या पायथ्यालाच फुटाण्यांत मोडायचा.’ मग वर काय करायचे? वर गुलाल फुकट होता. आबांच्या पिढीचा हातखर्च हा असा पायथ्याशीच संपलेला होता. परंतु सगळ्यांचाच संपलेला असल्यामुळे कुणाला काही वाटत नसे. हा मुद्दा पुढे लागणार आहे, वाचकांनी तो बाजूला काढून ठेवावा.

पुढे १ एप्रिल १९५७ उजाडला. सरकारने सोळा आणे काढून रुपयाचे शंभर नवे पैसे केले. तारीखच अशी निवडली होती, की सावध माणसाने आधी हसून घ्यावे. आता एक आणा म्हणजे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून सरकारी तक्ता निघाला. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरायचा. त्याप्रमाणे एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस.

माझे वडील, तात्या, तेव्हा सात वर्षांचे. आबांनी त्यांना आठवड्याला एक आणा लावून दिला होता. जुन्या नाण्यांबरोबर नवी नाणी चालत होती आणि आबा नव्या नाण्यांत द्यायचे, म्हणजे सहा. काही दिवसांनी शेजारच्या एका थोराड पोराने तात्यांना तक्ता समजावून दिला. आठवड्याला एकेक आणा घेतला तर तीन आठवड्यांचे अठरा. तीन आठवडे दम धरून एकदम घेतला तर एकोणीस! तात्यांनी दम धरला. एक पैसा जास्त मिळाला. आमच्या घराण्याला मिळालेले हे पहिले व्याज. दर शेकडा साडेपाच, तेही तीन आठवड्यांत. एवढा दर आमच्या बँकेने आजतागायत कोणत्याही ठेवीवर दिलेला नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत थांबून पाहिले तर चोविसाचे पंचवीस, म्हणजे फायदा पुन्हा एकच पैसा. ‘तिसऱ्याला मोडायचं,’ हा निष्कर्ष तात्यांनी सातव्या वर्षी काढला. त्यांना कॉमर्सला घातले नाही, हे राष्ट्राचे नुकसान आहे.

पण जे तात्यांना कळले, ते दुकानदारालाही कळत होते. जुन्या एका पैशाचे खरे मोल दीडच्या किंचित वर नवे पैसे, तक्त्यात दोन. म्हणजे एका पैशाची लिमलेटची गोळी दोन नव्या पैशांची झाली. चार गोळ्या एकदम घेतल्या तर एक आणा, म्हणजे सहा. एकेक करून घेतल्या तर आठ. आणि पोरे गोळ्या एकदम कशाला घेतील? देशाचे चलन बदलले आणि अपूर्णांक कुठे गेला, असे कुणी विचारले तर उत्तर हे. मोठ्यांच्या व्यवहारात तो इकडे-तिकडे विरून गेला. पोरांच्या व्यवहारात तो दर वेळी बरणीच्या मागे बसलेल्या माणसाकडे गेला. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्दही गळाला आणि नुसता ‘पैसा’ राहिला. आणे मात्र जिभेवरून गेले नाहीत.

त्याचा पुरावा मी. माझे अकरावे वर्ष १९९२ मध्ये येते. पस्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या आण्यात आमचा सगळा बाजार चालत होता. पंचवीस पैशांना चाराणे, पन्नासांना आठाणे. मला रविवारचे दोन रुपये मिळत. त्यात भाड्याची सायकल एक तास आणि पेप्सीकोला नावाची रंगीत बर्फाची नळी एवढे बसे. सायकल एकाची, मागे बसणारे दोघे आणि पुढच्या नळीवर एक, म्हणजे चौघांचे भाडे विभागले जाई आणि चेनचा खर्च मालकाला पडे. ही सहकारी चळवळ होती, आणि ती पश्चिम महाराष्ट्रातच फोफावली यात आश्चर्य नाही. ते चाराणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. त्याआधीच्या दिवसांत डबे, बरण्या, देवघरातल्या वाट्या घेऊन लोक काउंटरवर येत होते. एका आजींच्या पिशवीत कुंकू लागलेले चाराणे होते. मी ते पुसून मोजले. तिथे पावती देता आली, तरी नेमके काय जमा झाले हे लिहायला रकाना नव्हता.

खाऊचे पैसे देणाऱ्या बापांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला हिशेबी. हा देतो आणि संध्याकाळी हिशेब मागतो. दुसरा उदार. हा खिशात हात घालतो आणि येईल ती नोट देतो, मग महिनाअखेर सगळ्या घराला व्याख्यान देतो. तिसरा बचतवाला. हा एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने गल्ला पुढे करतो. तिसऱ्या प्रकाराला आमच्या धंद्यात मोठी परंपरा आहे. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासूनची. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने १९२८ मध्ये घरोघर माणूस पाठवून दिवसाला दोन आणे गोळा करायला सुरुवात केली आणि त्या ठेवीला पिग्मी म्हटले. ती पुढची सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पण आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीला ‘पिग्मी आली’ म्हटले की आजही पानवाल्याचा हात आपोआप गल्ल्यात जातो. आणि रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खाते स्वतःच्या सहीने चालवायची मोकळीक दिली, २०२५ मध्ये त्याच नियमांची पुन्हा मांडणी केली. म्हणजे जो कर्ज घ्यायला अज्ञान, तो पैसे ठेवायला सज्ञान. बँकेचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर हाच.

आता आजचा काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले, आणि २०२४ पासून आपल्या खात्यातून घरच्या माणसाला मर्यादेत खर्च करू द्यायचीही सोय झाली. मी तक्रार करणार नाही. चिल्लर कमी झाली, बोटे गोरी झाली. पण खाऊच्या पैशांचा एक गुण त्यात हरवला. नाणे बोलत नव्हते. फोन बोलतो. पोरगी तिकडे गोळा घेते आणि इकडे मी कॅश मोजत असताना माझ्या खिशात टिंग वाजते : रुपये तीस, अमुक आइसगोळा सेंटर. खाऊचे पैसे म्हणजे माणसाच्या आयुष्यातली पहिली रक्कम, जिच्यावर दुसऱ्याची सही लागत नाही. तिला जर क्षणोक्षणी पासबुक लागले, तर तो खाऊ नव्हे, ते प्रवासभत्त्याचे बिल. १९९२ मधल्या एका रविवारी दोनपैकी एक रुपयाचे मी काय केले, हे तात्यांना अजून माहीत नाही. ते मी इथेही सांगणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या कन्येने जाहीर केले, की शनिवारी संध्याकाळी त्या पाच मैत्रिणी रंकाळ्यावर जाणार, मोठे माणूस बरोबर नको. तिचे वय बारा. लगेच मातांची परिषद भरली, अर्थात फोनवर. पोरींना किती द्यायचे? एक पक्ष शंभरांचा, एक दोनशेंचा. एकीने ‘असू दे जवळ, अडीनडीला’ म्हणून पाचशे सुचवले. एक आई दीडशेवर अडून बसली. पाचव्या बाजूने मात्र निरोप आला, की आमच्या पोरीला जमेल असे वाटत नाही, तिला जरा बरे नाही. शनिवार अजून चार दिवस लांब होता. चार दिवस आधी ठरवून येणारे दुखणे पोटाचे नसते, खिशाचे असते, हे काउंटरवर बसणाऱ्याला कळते.

आमची सौ. म्हणाली, ‘अहो, काय करायचं?’ मी विचार करत होतो, तोवर कन्याच आली.

‘पप्पा, पन्नास द्या. सुटे द्या.’

‘अगं, बाकीच्यांना दोनशे मिळणार आहेत म्हणे.’

‘न्हाई. आमचं ठरलंय. पन्नासच आणायचे. जास्त आणले तर खेळात घ्यायचं न्हाई. आणि फोनबी न्हाई.’

‘पन्नासच का?’

‘एकीला तेवढेच मिळतात.’

‘कुणाला?’

‘ते सांगायचं न्हाई असंबी ठरलंय.’

खातेदाराची माहिती गुप्त ठेवावी, हे आम्हाला प्रशिक्षण देऊन शिकवतात. हिला कुणी शिकवले कोण जाणे. मी कागद घेऊन बसलो. दोनशे, शंभर, पाचशे, दीडशे आणि पन्नास. यांचा मसावि काढा, पन्नासच येतो. आम्ही मसावि परीक्षेपुरता शिकलो आणि तिथेच सोडून आलो. वाचकांनी मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा आता परत आणावा. आबांच्या टोळीत सगळ्यांचा पैसा पायथ्याशीच मोडत होता, ती गरिबीने केलेली समानता होती. आमच्या सायकलवर चौघे बसत होते, तीही निम्मी नाइलाजाची. या पोरींना नाइलाज नव्हता. चौघींच्या घरी नोटा तयार होत्या, तरी त्यांनी सगळ्यांत बारक्या आकड्याला सगळ्यांचा आकडा केला. त्या पाचव्या पोरीचे दुखणे शुक्रवारीच बरे झाले, असे सौ.ला कळले.

तात्या पंच्याहत्तरीचे आहेत. पन्नास ऐकून आधी ते ‘पन्नास?’ म्हणून ओरडले, कारण त्यांना एकोणीस नवे पैसे आठवत होते. आणि मग दाराआड नेऊन नातीच्या हातात हळूच वीसची नोट कोंबली. आजोबांच्या अशा परस्पर वाटपाला जगात कुठेही लेखापरीक्षण नाही. पोरगी पेचात पडली. नियम मोडतो, आणि घेतली नाही तर आजोबा रुसतात.

संध्याकाळी ती परत आली. हिशेब विचारायचा नाही असे मी ठरवले होते. एकवीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला हे किती कठीण, ते त्यालाच ठाऊक. तात्यांनी मात्र विचारले, ‘माझ्या विसाचं काय केलंस?’

‘आजोबा, त्याचं एक कणीस घेतलं. पाचजणींत. ओळी मोजून वाटली.’

‘किती ओळी निघाल्या?’

‘सोळा.’

‘सोळा आणे!’ तात्या खूश झाले. मग त्यांच्यातला तक्ता जागा झाला. ‘पण पाचांत सोळा बसत न्हाई. तीन-तीन दिलेस तर एक उरती.’

‘उरली की. ती कणीसवालीच्या बारक्या पोराला दिली. ते बघतच होतं मघापासून.’

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या वेळी उरलेलं दुकानदारच ठेवून घ्यायचा.’